खारघरचं गोल्फ कोर्स आठवड्यातून एक दिवस सगळ्यांना खुलं करावं का?

डोंगरवाली_खारघर: सेंट्रल पार्कला लागून सिडकोचं व्हॅली गोल्फ कोर्स आहे, जागा सार्वजनिक, पण आपण कंपाउंडबाहेरूनच हिरवळ बघायची. स्कॉटलंडमधलं सेंट अँड्र्यूज म्हणजे गोल्फची पंढरी, तिथल्या ओल्ड कोर्सवर रविवारी सहसा खेळच नसतो, गावातले लोक कुत्री घेऊन मजेत फिरतात. मग आपल्याकडे का नको? वर उन्हाळ्यात सोसायट्यांत टँकर आणि इकडे गवताला पाणी, हेही डोळ्यात खुपतं. मधली हिरवळ तेवढी कापा, कडेला देशी गवत वाढू द्या, डोंगरावरून येणारं पावसाचं पाणी तळ्यात धरा.

फेअरवे_पनवेल: ताई, कल्पना छान आहे पण रविवार सोडा हो, आम्हा नोकरदारांना तेवढाच दिवस मिळतो. आणि जरा सुरक्षेचं बघा. ४६ ग्रॅमचा कडक चेंडू, चांगल्या हाताने मारला तर ताशी २०० किमीच्या वर सुटतो, स्लाइस झाला, म्हणजे फटका वाकडा बसून चेंडू वळला, की उजवीकडे कुठे जाईल नेम नाही, कडेने कोणी प्रॅम घेऊन चालत असेल तर??

डोंगरवाली_खारघर: म्हणूनच तर खेळ बंद असेल त्याच दिवशी म्हणतेय ना. सोमवार घ्या.

सीवूड्सचा_पक्षीवेडा: सोमवारी सकाळी कोण येणार, रिटायर्ड मंडळी आणि इन्फ्लुएन्सर 😄 पण माझा मुद्दा वेगळाय. आमच्याकडे पाणथळ जागेवर गोल्फ कोर्स आणायचा घाट घातला होता, फ्लेमिंगो येतात त्या पट्ट्यात, २०१८ मध्ये हायकोर्टाने तो प्लॅन रद्द केला. तेव्हा गोल्फचं मला कौतुक नाही. तरी सांगतो, खारघरचं आहे तसं राहू द्या. एकदा का "नुसतं गवतच आहे, वापर होत नाही" हे बोलणं सुरू झालं की पुढचा माणूस टॉवरचा नकाशा घेऊन उभा! सिंगापूरच्या केपेल गोल्फ क्लबचं लीज २०२१ ला संपलं, आता तिथे घरांची वसाहत ठरलीय.

नेरुळकर_अण्णा: मग सिडनीचं पण सांगा की. मूर पार्कचं पब्लिक कोर्स १८ होलचं ९ करून उरलेल्या जागेत बाग करायचं तिथल्या सरकारने २०२३ मध्ये जाहीर केलं. घरं नाही, बाग. वापर वाढला की माणसं जागेसाठी भांडतात, उलट बंद गेटामागची जागा गेली तर कोणाला पत्ता लागणार? पक्षीवेडे साहेब, तुमचं पाणथळ वाचलं ते लोक तिथे रोज जात होते म्हणूनच ना?

सीवूड्सचा_पक्षीवेडा: अण्णा, लोक जात होते हे खरं, पण बाहेरून दुर्बीण लावून बघायला. चिखलात उतरून सेल्फी काढले असते तर फ्लेमिंगो कधीच पळाले असते.

फेअरवे_पनवेल: आणि मेंटेनन्सचा खर्च कोण देणार? ग्रीन, म्हणजे होलभोवतीची हिरवळ, हे काही अंगण नव्हे, पाव सेंटीमीटरच्या आसपास कापलेलं गवत असतं, त्यावर क्रिकेटची स्टंपं रोवली की बोंब.

डोंगरवाली_खारघर: ग्रीनला दोरी बांधा, बाकी मोकळं सोडा. पावसाळ्यात चार महिने तसाही खेळ मंदच असतो, निदान तेव्हा सोमवारी संध्याकाळी ट्रायल घ्यायला काय हरकत आहे? फेअरवे भाऊ, तुम्ही मेंबर लोकांनीच सिडकोला लेटर दिलंत तर आमच्यापेक्षा लवकर ऐकतील.

फेअरवे_पनवेल: लेटर देतो, पण कुत्र्यांचं काय ते आधी ठरवा.