घड्याळ बाबांच्या मनगटावर, फोन माझ्या उशाशी. रात्री दोनला जिना कोण चढणार?

इंदिरानगरची लेक
बाबा ७८ वर्षांचे, नाशिकला इंदिरानगरमध्ये आईबरोबर राहतात. हृदयाचं पंपिंग कमी झालंय. मार्चमध्ये हॉस्पिटलमधून घरी सोडताना एका कंपनीचा माणूस भेटला. बीपीचं मशीन, ऑक्सिमीटर, वजनकाटा, हातातलं घड्याळ, सगळं मोबाईलला जोडलेलं आणि दरमहा ठरलेली फी. मी पुण्यात नोकरीला, त्याच दिवशी पैसे भरले.

जूनमध्ये एका रात्री दोन वाजता त्यांच्या कॉल सेंटरचा फोन आला, 'पेशंटचे ठोके नीट दिसत नाहीत, घरी कोणी असेल तर बघायला सांगा.' बघणार कोण? आईला कमी ऐकू येतं, तिचा फोन स्वयंपाकघरात चार्जिंगला. शेवटी खालच्या मजल्यावरच्या काकांना उठवलं. ते बिचारे तसेच वर गेले आणि दहा मिनिटं बेल वाजवत राहिले. बाबा गाढ झोपलेले. घड्याळाचा पट्टा सैल होऊन कोपराकडे सरकला होता. तोवर मी इथे गाडीची किल्ली हातात घेऊन उभी, आणि मध्ये दोनशे किलोमीटर.

हा धंदा झपाट्याने वाढतोय, पण यंत्रांपुरताच. रात्री घरी पोचेल असा एकही माणूस ज्या कंपनीकडे नाशिकमध्ये नाही, तिने 'होम केअर' म्हणून पैसे घेऊ नयेत असं माझं ठाम मत आहे. तुम्हाला काय वाटतं?

सातपूरवाला
ताई, मला नाही पटलं. माझी आई वीस वर्षं इन्सुलिनवर आहे. तिच्या दंडावर साखरेचा सेन्सर लावतो, एक १४ दिवस चालतो. फेब्रुवारीत रात्री साडेतीनला माझा फोन कोकलायला लागला. साखर ५८. जाऊन बघतो तर उशी घामाने भिजलेली आणि आई काहीबाही बोलत होती. बसवून ग्लुकोजचं पाणी पाजलं, पंधरा मिनिटांनी बोट टोचून तपासलं, ९२.

मी शेजारच्याच खोलीत होतो, पण झोपेत मला काय कळणार होतं? कितीही जिवाचं माणूस असलं तरी रोज रात्रभर जागं राहू शकत नाही. दहा वेळा खोटं उठवलं तरी चालेल, अकराव्या वेळी खरं असेल तर?

इंदिरानगरची लेक
दादा, तुम्ही शेजारच्या खोलीत होतात. मी तेच म्हणतेय.

बारा तासांची ड्युटी
मी ब्युरोतर्फे पेशंट सांभाळते, नऊ वर्षं झाली. गंगापूर रोडला एका आजींकडे होते तेव्हाची गोष्ट. डिसेंबरातली सकाळ, ऑक्सिमीटरवर ८४ आलं. परगावी असलेल्या दादांनी ते मोबाईलवर बघितलं आणि लगेच फोन, 'अ‍ॅम्ब्युलन्स बोलावतो.' आजी तर चहात खारी बुडवून खात होत्या आणि रात्री मांजर कसं घरात शिरलं ते मला सांगत होत्या. धाप नाही, ओठ निळे नाहीत. बोट हातात घेतलं तर बर्फासारखं गार. दोन्ही तळव्यांत धरून चोळलं, ऊब आल्यावर परत लावलं, ९६.

थंडीत असं होतं. नेलपॉलिश असली तरी आकडा चुकतो. जवळ असलेल्याला ते कळतं. त्या घरात तीन कॅमेरे होते, मशीनची फी वेळेवर जायची. मी रात्रीचे दोनशे वाढवून मागितले तर म्हणाले ब्युरोशी बोला.

पंचवटीतला डॉक्टर
लेकीच्या म्हणण्याला आधार आहे. अमेरिकेत २०१० साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला, हृदय कमजोर असलेले १६५३ पेशंट. त्यांनी रोज फोनवरच्या यंत्रणेला वजन आणि लक्षणं सांगायची, डॉक्टरांनी ती बघायची. पुन्हा अ‍ॅडमिट व्हायचं प्रमाण कमी झालं नाही, मृत्यूही कमी झाले नाहीत. २०१८ मध्ये जर्मनीतला अभ्यास आला, दीड हजारावर पेशंट. तिथे आकड्यांमागे डॉक्टर आणि नर्स चोवीस तास बसलेले होते. मृत्यू कमी झाले.

पण म्हणून यंत्रं बिनकामाची ठरत नाहीत. घड्याळापेक्षा तुमच्या बाबांना वजनकाट्याचा उपयोग जास्त. तीन दिवसांत दोन किलो वजन वाढलं तर अंगात पाणी साठतंय, पाय सुजायच्या आधी काटा ते सांगतो. सकाळी लघवीला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी, रोज त्याच काट्यावर. माझे पेशंट भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहितात. लोक मला महिन्याचे दीडशे-दोनशे आकडे एकदम व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतात, त्यातला कामाचा कुठला हे शोधायला मला रात्रीचे अकरा वाजतात.

पेठकर
तुम्ही सगळे शहरात राहून बोलताय. आमच्या पाड्यावर रात्री ना नर्स, ना डॉक्टर. नाशिक पन्नासेक किलोमीटर, मध्ये सावळ घाट, पावसात तर विचारू नका. गेल्या वर्षी चुलत्यांना धाप लागली. आशाताईंकडच्या ऑक्सिमीटरवर ८६ आलं म्हणून तेव्हाच १०८ ला फोन केला, नाहीतर 'उजाडल्यावर बघू' म्हणून बसलो असतो. रेंजसाठी टेकाडावर चढावं लागलं ती गोष्ट वेगळी. माणूस नसेल तर यंत्र विकू नका हा नियम केलात तर आमच्या वाट्याला दोन्ही येणार नाही.

कॉलेज रोडचे आजोबा
मी ७६. मुलगा परदेशात. गेल्या दिवाळीत येऊन त्याने बाथरूमच्या दाराला सेन्सर बसवला. आठवड्याने फोन, 'बाबा, काल रात्री पाच वेळा उठलात?' प्रोस्टेटचा त्रास आहे, उठावं लागतं. पण मुलाच्या तोंडून तो आकडा ऐकताना मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

२०२३ चा वैयक्तिक माहितीचा कायदा मी वाचलाय. त्यात म्हटलंय, कंपनीने संमती घ्यायची ती ज्याची माहिती त्याची. अ‍ॅपवर 'मान्य आहे' मुलाने दाबलं, मला कोणी विचारलं नाही. बाळ, तू तुझ्या बाबांना विचारलं होतंस का?

इंदिरानगरची लेक
नाही विचारलं, काका. तुमचं वाचून काल रात्री फोन केला. बाबा म्हणाले, 'काटा राहू दे, घड्याळ त्या रात्रीपासून मी झोपताना काढूनच ठेवतो, तुला वाईट वाटेल म्हणून बोललो नाही.' मला रडू आलं.

पेठकर दादा, तुमच्या बाबतीत मी चुकले. तुमच्याकडे आकडा बघून निर्णय घेणारी माणसं तिथेच होती, याचा मी विचार केला नव्हता. पण शहरात महिन्याला पैसे घेणाऱ्यांना तोच नियम लावावा असं अजूनही वाटतं. कंपनीला लेखी विचारलं, रात्री नाशिकमध्ये घरी कोण येईल? उत्तर आलं, 'तुम्ही दिलेल्या नंबरवर कळवू.' म्हणजे मलाच. घड्याळ परत करतेय. ते पैसे आठवड्यातून तीन रात्री बाबांजवळ थांबायला येणाऱ्या दादांना देणार, बाकीच्या रात्रींसाठी खालच्या मजल्यावरच्या काकांकडे घराची किल्ली ठेवलीय. वजन आई कॅलेंडरवर लिहिते. आज ६१.४, कालपेक्षा शंभर ग्रॅम कमी.

सातपूरवाला
किल्ली दिलीत ते उत्तम केलंत ताई. पण ज्या चार रात्री ते दादा येणार नाहीत, तेव्हा काकांना उठवायला काहीतरी वाजायला हवं ना? बाबांना विचारून बघा, उशाशी दाबायची बेल चालेल का. बटण त्यांच्याकडे, घंटी काकांच्या घरात.