टर्फवर शिकवणारा पुढे मोठ्या ग्राउंडचा कोच होऊ शकतो का?

मुलुंडचा_डावरा:
मंडळी, मी संध्याकाळी एका टर्फवर बारा वर्षांखालच्या पोरांना फाइव्ह-अ-साइड फुटबॉल शिकवतो. आता एका शाळेने विचारलंय, अकरा जणांची टीम घेशील का म्हणून. मोठ्या ग्राउंडवर मी स्वतः फार खेळलेलो नाही. फुटसालमधून (पाच-पाच जणांचा कोर्टवरचा फुटबॉल) वर गेलेला कोच आहे का कोणी, की उगाच हात पोळून घेऊ?

कूपरेजवाला:
ब्राझीलचा झे रिकार्डो बघ ना. सुरुवात फुटसालमध्येच, मग रिओच्या फ्लामेंगो क्लबची ज्युनियर पोरं, २०१६ च्या जानेवारीत त्यांच्यासोबत कोपा साओ पावलो ही ज्युनियर स्पर्धा जिंकला आणि त्याच वर्षी सिनियरचा कोच मुरिसी रामाल्यो तब्येतीमुळे बाजूला झाला तर ह्यालाच बसवलं. लीगमध्ये तिसरे आले, २०१७ ला रिओची स्टेट चॅम्पियनशिप घेतली आणि ऑगस्टमध्ये हातात नारळ 😂 नंतर वास्को, बोटाफोगो हे क्लब, पार जपानपर्यंत फिरून आला.

सडेतोड_सावंत:
हो पण फुटसालहून थेट सिनियर टीमवर नाही आला तो, मधे ज्युनियर टीम सांभाळल्या, ते विसरू नको. आणि दादा, आपला टर्फ म्हणजे फुटसाल नव्हे. तिथे ४० बाय २० मीटरचं कोर्ट, ४ नंबरचा कमी उसळणारा बॉल, बाहेर गेला की ४ सेकंदांत किक-इन, म्हणजे रेषेवरून पायाने आत. आपल्याकडे बॉल जाळीला आपटून परत येतो, पोरं जाळीशीच वन-टू खेळतात, मग मोठ्या ग्राउंडवर तोच पास मारला की समोरच्यांना थ्रो-इन.

अंधेरी_स्टॉपर:
जाळीचं एकदम बरोबर. त्यात फुटसालला ऑफसाइडच नाही, त्यामुळे बॅकलाइन (बचावाची फळी) एकत्र वर कशी काढायची हे तुला शून्यापासून शिकवावं लागेल, हेडरही. पण अंगावर माणूस असताना पायाच्या तळव्याने बॉल ओढून वळणं तुझ्या पोरांना जमत असेल तर अर्धं काम झालंय, ग्राउंडवरच्या पोरांना तेच जमत नाही, घाबरून लांब हाणतात. शाळा घे, आणि वायफाकडे (आपली राज्य फुटबॉल संघटना) कोचिंगच्या डी लायसन्सची बॅच कधी आहे ते विचार.

मुलुंडचा_डावरा:
थँक्स सगळ्यांना. उद्यापासून जाळीला लागला की किक-इन, पोरं बोंबलणार 😅 शाळेला हो म्हणतो, फक्त ग्राउंड त्यांचं स्वतःचं आहे का ते विचारून घेतो.

सडेतोड_सावंत:
पावसाळ्यात तिथे काय होतं तेही विचार.