बाल न्याय मंडळाने व्यसनी मुलाला उपचाराचा आदेश द्यावा का?

धागाकर्ता:
बाल न्याय अधिनियम, 2015 च्या कलम 18 नुसार मंडळ समज किंवा परिवीक्षेच्या (देखरेखीखाली मोकळे सोडण्याच्या) जोडीला व्यसनमुक्ती उपचाराचाही आदेश देऊ शकते. चोरीच्या प्रकरणात मूल नशेच्या आहारी गेलेले दिसले, तर हा आदेश सरसकट दिला जावा आणि मंडळाने दरमहा पाठपुरावा करावा, असे माझे मत आहे. कारण तोवर पालकांनी हात टेकलेले असतात आणि दंडाधिकाऱ्यांसोबत दोन सामाजिक कार्यकर्ते बसत असल्याने धाक आणि आस्था तिथे एकत्र असतात.

प्रतिसाद 1:
असहमत. मंडळासमोर मूल येते ते गुन्ह्याचा ठपका घेऊन. 2019 च्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार हुंगण्याच्या नशेचे प्रमाण प्रौढांत 0.58 टक्के, तर मुलांत 1.17 टक्के होते. व्हाइटनर, थिनर हुंगणारी ही मुले आरोपी नव्हेत. अमली पदार्थांच्या विळख्यात सापडण्याची शक्यता असलेल्या मुलाला याच कायद्याचे कलम 2 'काळजी आणि संरक्षणाची गरज असलेले बालक' म्हणते. त्याची जागा बाल कल्याण समितीसमोर आहे.

धागाकर्ता:
तत्त्व मान्य, पण समितीसमोर त्याला आणणार कोण? रस्त्यावरच्या मुलासाठी कोणी 1098 या बाल मदतवाहिनीला फोन करते. घरात राहणारा, शाळा सुटलेला मुलगा चोरी होईपर्यंत कोणाच्या नजरेसही पडत नाही.

प्रतिसाद 2:
तो नजरेस पडतो, आणि त्याच्या घरातले व्यसनही, कौटुंबिक न्यायालयात. पोटगीच्या आणि मुलाच्या ताब्याच्या दाव्यांत वडिलांच्या दारूचा उल्लेख येतो, पण हिंदू विवाह कायद्यात मद्यपान हे घटस्फोटाचे स्वतंत्र कारण नसल्याने ते क्रूरतेचा पुरावा म्हणून मांडले जाते आणि उपचाराचा विषय मागे पडतो. वास्तविक 1984 च्या कौटुंबिक न्यायालय अधिनियमाचे कलम 12 वैद्यकीय तज्ज्ञांचे साहाय्य घेऊ देते. लंडनमध्ये 2008 पासून व्यसनी पालकांसाठी खास कौटुंबिक न्यायालय आहे. तिथे एकच न्यायाधीश दर पंधरवड्याला, वकिलांविना, त्या पालकांशी बोलतात. मुलाला उपचार आणि बापाला फक्त पोटगीचा हुकूम, हे मला अन्यायाचे वाटते.

प्रतिसाद 1:
लंडनच्या त्या न्यायालयाला स्वतःचे उपचारपथक जोडलेले आहे, हे विसरू नये. ज्या जिल्ह्यात अल्पवयीनांसाठी वेगळा उपचारकक्ष नाही, तिथे तुमच्या आदेशाने मूल प्रौढ रुग्णांत जाऊन पडेल. आधी तो कक्ष उभारा. तोवर आदेश सरसकट देण्याला माझा विरोध कायम राहील.