मदत हवी आहे: धर्मावर बोलताना अनोळखी माणसाला आडनाव सांगावं का?

नमस्कार मंडळी. माझी भाची टेलिग्रामवर देव, उपवास, कर्मकांड यांवर अनोळखी लोकांशी मनापासून बोलते. तिनं बोलावंच, असं माझं मत. पण परवा एकानं मुद्दा सोडून आधी आडनाव विचारलं, मग ‘शिवाजी पेठेत नेमकं कुठं राहता?’ जून २०२३ मध्ये सोशल मीडियावरच्या स्टेटसवरून आपल्या कोल्हापुरात दगडफेक झाली, इंटरनेट बंद ठेवावं लागलं. म्हणून काळजी वाटते. तिचा नंबर प्रायव्हसी सेटिंगमधून सगळ्यांपासून लपवलाय, प्रोफाइलवरचा फोटोही काढून टाकलाय.

आता आडनाव, पेठ, जात विचारणाऱ्याला न दुखावता काय सांगावं? तो माणूस एरवी सभ्य बोलतो, त्यामुळं थेट ब्लॉक करणं तिला पटत नाही. असा प्रसंग कुणी निभावला असेल तर नेमकं काय लिहिलंत, ते कळवा.