गाडीत पायाजवळ एलईडी दिवे लावायचे आहेत : रिले आणि स्विचची जोडणी कशी करावी?

बालाघाट

नमस्कार. मी अंबाजोगाईत राहतो आणि आमच्याकडे पेट्रोलवर चालणारी जुनी हॅचबॅक आहे. घरातील ज्येष्ठांना रात्री गाडीत बसता-उतरताना पाय कोठे ठेवावा ते नीट दिसत नाही. म्हणून पुढे दोन्ही बाजूंना डॅशबोर्डखाली आणि मागे बसणाऱ्यांसाठी पुढच्या सीटखाली एलईडी पट्टीचे चार तुकडे लावायचा विचार आहे. दार उघडताच दिवे लागावेत, रात्री पार्किंग लाइट चालू असेपर्यंत ते सुरू राहावेत आणि प्रवासात नको वाटल्यास स्विचने बंद करता यावेत, एवढीच अपेक्षा आहे.

माझ्याकडे १२ व्होल्टची ३५२८ प्रकारची उबदार पांढरी पट्टी, पाच पायांचा रिले (छोट्या प्रवाहाने दुसरा प्रवाह चालू-बंद करणारा स्विच) आणि आत दिवा असलेला तीन पायांचा रॉकर स्विच आहे. ॲक्सेसरीजच्या एका दुकानात मला सांगण्यात आले की रिलेची काहीच गरज नाही, पार्किंग लाइटची वायर सोलून पट्टी थेट जोडता येते. एवढ्याशा दिव्यांना रिले खरोखर लागतो का, दार आणि पार्किंग लाइट या दोन्हींवरून तेच दिवे कसे चालवावेत आणि फ्यूज किती अँपियरचा व कोठे घालावा, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

सिंदफणा

पट्टीवर मीटरला ६० एलईडी असतील, तर ती १२ व्होल्टवर मीटरमागे सुमारे ०.४ अँपियर घेते. तीस सेंटिमीटरचे चार तुकडे धरले तरी एकूण भार अर्ध्या अँपियरच्या आतच राहतो आणि तो साधा रॉकर स्विचही सहज पेलतो. म्हणजे हॉर्नला किंवा हेडलाइटला ज्या कारणासाठी, म्हणजे मोठा भार स्विचवर येऊ नये म्हणून, रिले लावतात, ते कारण येथे लागू होत नाही. तरीही रिले लावावाच, असे माझे स्पष्ट मत आहे, कारण त्यामुळे गाडीच्या मूळ वायरिंगशी आपल्या जोडणीचा संबंध केवळ रिलेच्या कॉइलपुरता (रिले चालू करणाऱ्या तारेच्या वेटोळ्यापुरता) उरतो. ही कॉइल साधारण ०.१५ अँपियर घेते. उद्या पट्टीची वायर सीटच्या रुळात चेपून शॉर्ट झाली, तर आपला छोटा फ्यूज जाईल आणि गाडीचे मागचे दिवे चालूच राहतील. थेट जोडणीत मात्र त्याच चुकीने पार्किंग लाइटचा फ्यूज उडेल. ऊसतोडीच्या दिवसांत ट्रॉल्यांनी भरलेल्या रस्त्यावर रात्री मागचे दिवे विझणे किती धोक्याचे असते, हे बीड-लातूरकडच्या माणसाला वेगळे सांगायला नको.

दुसरे कारण आपल्या मागणीतच आहे. दिव्यांना दोन ठिकाणांहून चालना द्यायची असेल आणि दोन्ही वायरी थेट पट्टीवर आणल्या, तर दार उघडल्यावर येणारा प्रवाह उलट्या दिशेने पार्किंग लाइटच्या वायरमध्येही शिरेल आणि बाहेरचे दिवे लागतील. म्हणून दोन रिले घ्यावेत, एक पार्किंगसाठी आणि एक दारासाठी.

रिलेच्या पायांजवळ क्रमांक छापलेले असतात. दोन्ही रिलेंचा ३० क्रमांकाचा पाय एकत्र करून त्याला कायम चालू असणारा प्लस द्यावा. तो फ्यूज बॉक्समधून फ्यूज टॅपने (फ्यूजच्या जागी बसणाऱ्या, जादा फ्यूज आणि वायर असलेल्या अडॅप्टरने) घेणे सर्वांत स्वच्छ, कारण त्यात मूळ वायर कोठेही सोलावी लागत नाही. टॅपमध्ये २ किंवा ३ अँपियरचा फ्यूज पुरेसा आहे (२ चा राखाडी आणि ३ चा जांभळा असतो). फ्यूज आपल्या वायरचे रक्षण करतो, म्हणून तो प्लस जेथून घेतला तेथेच हवा. पट्टीजवळ बसवलेल्या फ्यूजचा मधल्या वायरला काहीच उपयोग होत नाही. वायर ०.५ किंवा ०.७५ चौरस मिलिमीटरची, बारीक तारांची, गाडीसाठीच बनवलेली घ्यावी.

दोन्ही रिलेंचे ८७ क्रमांकाचे पाय एकत्र करून पट्टीच्या प्लसला न्यावेत आणि पट्टीचा मायनस बॉडीच्या रंग खरवडलेल्या बोल्टवर थिंबल (वायरच्या टोकाला दाबून बसवायची धातूची कडी) लावून घट्ट बसवावा. ८७ए हा मधला पाय मोकळा ठेवून त्यावर स्लीव्ह चढवावी. रिले बंद असताना ३० चा संबंध याच पायाशी असतो, त्यामुळे चुकून पट्टी येथे जोडली गेली तर गाडी उभी असताना दिवे अखंड जळत राहतील. अर्धा अँपियर म्हणजे दिवसाला १२ अँपियर-तास, आणि लहान पेट्रोल गाडीची ३५ अँपियर-तासांची बॅटरी त्याने तीन दिवसांत पूर्ण उतरते.

आता कॉइलकडे वळू; ८५ आणि ८६ हे तिचे दोन पाय. पार्किंगच्या रिलेत पार्किंग लाइटच्या फ्यूजवरून आलेला प्लस रॉकर स्विचमधून ८६ ला द्यावा आणि ८५ अर्थ करावा, म्हणजे बॉडीला जोडावा. आपल्या स्विचमध्ये दिवा असल्यामुळे तो प्लसच्या बाजूलाच बसवावा लागेल. त्याचा तिसरा पाय अर्थ केला की स्विच चालू असताना दिवा दिसेल. दाराच्या रिलेत हा हिशेब उलटा आहे. बहुतेक गाड्यांत छताच्या दिव्याला प्लस कायम असतो आणि दाराचा स्विच त्याचा मायनस जोडतो. म्हणून ८६ छताच्या दिव्याच्या प्लसला आणि ८५ दाराच्या स्विचकडे जाणाऱ्या मायनसला, अशी कॉइल दिव्याला समांतर जोडावी. कोणती वायर कोणती, हे रंगावरून न ठरवता मल्टीमीटरने तपासावे.

प्रत्येक कॉइलवर, म्हणजे ८५ आणि ८६ यांच्यामध्ये, एक १एन४००७ डायोड (प्रवाह एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) लावावा, त्याची पांढरी रेघ ८६ कडे, म्हणजे प्लसकडे ठेवावी. कॉइल बंद होताना उलटा विद्युतदाब निर्माण होतो आणि तो मूळ वायरमध्ये जाऊ नये म्हणून हा डायोड असतो. डायोड लावल्यानंतर ८५ आणि ८६ यांची अदलाबदल करता येत नाही.

मांजराकाठ

वरील जोडणी योग्य आहे. मला पट्टीविषयी लिहायचे आहे, कारण आपल्याकडे हे दिवे रिलेमुळे नव्हे तर उष्णतेने खराब होतात. पट्टी १२ व्होल्टची म्हणून विकली जाते, परंतु इंजिन चालू असताना अल्टरनेटर (बॅटरी चार्ज करणारे जनित्र) १३.८ ते १४.४ व्होल्ट देतो. पांढऱ्या पट्टीत तीन-तीन एलईडी एका रेझिस्टरसह (प्रवाह मर्यादित करणाऱ्या भागासह) मालिकेत असतात. तीन एलईडी मिळून सुमारे ९ व्होल्ट घेतात आणि उरलेले तीनेक व्होल्ट रेझिस्टरवर पडतात. त्यामुळे दोन व्होल्ट वाढले की ती सगळी वाढ जवळजवळ रेझिस्टरवरच येते आणि प्रवाह दीडपटीच्या आसपास जातो. लातूर-परभणीच्या मे महिन्यात उन्हात उभी राहिलेली गाडी आधीच तापलेली असते, त्यात ही भर पडली की काही तुकडे मंदावतात आणि काही लुकलुकू लागतात.

यावर ७८१२ रेग्युलेटर (स्थिर १२ व्होल्ट देणारा भाग) बसवण्याचा सल्ला पुष्कळदा दिला जातो, पण त्याला १२ व्होल्ट देण्यासाठी आत साधारण १४ व्होल्ट लागतात, त्यामुळे गाडीत तो नेमका काठावर चालतो. आपल्या अर्ध्या अँपियरच्या भारासाठी पट्टीच्या प्लसमध्ये ४.७ ओहमचा, ५ वॉटचा वायरवाउंड रेझिस्टर पुरेल. तो सुमारे दोन व्होल्ट खातो आणि एक वॉटच्या आसपास तापतो, म्हणून तो कार्पेटला किंवा प्लास्टिकला न टेकवता पत्र्यावर बसवावा.

पट्टीमागच्या चिकटपट्टीवरही उन्हाळ्यात विसंबू नये. ॲल्युमिनियमच्या चॅनेलमध्ये पट्टी बसवून चॅनेल स्क्रूने किंवा केबल टायने धरावे. काळी पीव्हीसी टेप उन्हाने चिकट होऊन सुटते, त्यामुळे जोडांवर हीट श्रिंक (गरम केल्यावर आवळणारी नळी) आणि वरून हार्नेसची (गाडीतील वायरींच्या जुडग्याची) कापडी टेप वापरावी.

बालाघाट

दोघांचेही मनःपूर्वक आभार. दोन शंका आहेत. दार उघडल्यावर पूर्ण उजेड आणि गाडी चालवताना अगदी मंद उजेड, असे याच जोडणीत करता येईल का? आणि आमच्या दुसऱ्या, नव्या गाडीत छताचा दिवा हळूहळू विझतो, तिथेही हीच पद्धत चालेल का?

मांजराकाठ

पहिले सहज शक्य आहे. पार्किंगच्या रिलेचा ८७ पट्टीकडे नेताना वाटेत २२ ओहमचा, ५ वॉटचा आणखी एक रेझिस्टर घालावा, दाराच्या रिलेची वायर मात्र त्याच्या पुढे जोडावी. चालताना प्रवाह मूळच्या साधारण तिसऱ्या हिश्श्यावर येईल आणि दार उघडले की तो रेझिस्टर आपोआप वगळला जाऊन पूर्ण उजेड पडेल. मी स्वतः मंद उजेडच पसंत करतो, कारण पट्टी थेट दिसत नसली तरी तिचे प्रतिबिंब पुढच्या काचेवर उमटले की अंधाऱ्या रस्त्यावर नजर विचलित होते.

सिंदफणा

नव्या गाडीत ही पद्धत जशीच्या तशी वापरू नये. दिवा हळूहळू विझतो, याचा अर्थ बॉडी कंट्रोल मॉड्यूल (दिवे, दारे वगैरे सांभाळणारा गाडीतला छोटा संगणक) त्याला वेगाने चालू-बंद होणारा प्रवाह देत आहे. अशा प्रवाहावर रिले थरथरतो आणि त्याचे संपर्क लवकर जळतात. तेथे ट्रान्झिस्टरवर चालणारे छोटे मॉड्यूल लागते. गाडी वॉरंटीत असेल, तर कोणतीही मूळ वायर कापण्यापूर्वी अधिकृत सेवा केंद्रात विचारून घेणे इष्ट.

वाळूजकर

वायर-हार्नेसच्या कामात असल्यामुळे काही गोष्टी आग्रहाने सांगतो. काम सुरू करण्यापूर्वी बॅटरीचा मायनस काढून काही मिनिटे थांबावे. पिवळ्या कनेक्टरच्या किंवा पिवळ्या आवरणातल्या वायरी एअरबॅगच्या असतात. त्यांना टेस्ट लॅम्प तर नाहीच, मल्टीमीटरही लावू नये. पुढच्या सीटमध्ये एअरबॅग असेल, तर सीटखालचा पिवळा कनेक्टर न हलवता दिव्याचा तुकडा मजल्याच्या बाजूला बसवावा आणि सीट पूर्ण पुढे-मागे सरकवून वायर ताणली जात नाही याची खात्री करावी.

चालकाच्या बाजूला पेडल आणि स्टीअरिंगच्या दांड्याजवळून वायर मुळीच नेऊ नये. ती मूळ हार्नेसलाच दर वीतभर अंतरावर बांधावी, म्हणजे टाय तुटला तरी ती ब्रेकच्या पेडलवर लोंबणार नाही. जोड डाग (सोल्डर) देऊन करण्यापेक्षा चांगल्या क्रिंपिंग पक्कडीने (वायरवर धातूची टोपी दाबून बसवणाऱ्या) करावेत, कारण डाग दिलेली तार जोडाच्या कडेला कडक होते आणि खड्ड्यांच्या हादऱ्यांनी तेथेच तुटते. शेवटी, सोयाबीन किंवा ऊस निघाल्यावर उंदीर गाड्यांत शिरतात, म्हणून खालून जाणारी प्रत्येक वायर नालीदार पाइपमधूनच न्यावी.