मदत हवी आहे: १४व्या वर्षी दारू सुरू, आता सुटली, पण वाचलेलं डोक्यात राहत नाही

भाचा १९ वर्षांचा आहे. १४व्या वर्षी मित्रांच्या नादाने बियर सुरू झाली, १६-१७ला शनिवार-रविवारी भान सुटेपर्यंत पिणं. रात्री काय बोललो, घरी कसा आलो, सकाळी काही आठवायचं नाही. वर्षभरापूर्वी स्वतःहून पूर्ण सोडली, त्याबद्दल त्याचं कौतुकच आहे.

आता अडचण अशी. परवा माझ्यासमोर बसून एक धडा वाचला आणि मला व्यवस्थित समजावून सांगितला. जेवणं झाल्यावर सहज विचारलं, तर म्हणे, "मावशी, वाचल्याचं आठवतंय, काय वाचलं ते नाही." हे वरचेवर होतं. हातातलं काम अर्धवट टाकून उठणंही आहे, पण ते या वयात कोण करत नाही!

थोडंफार वाचलं. मेंदूचा पुढचा भाग, म्हणजे सबुरी आणि नियोजन सांभाळणारा, पंचविशीपर्यंत घडत असतो. या वयात दारूने गुंगी कमी येते, त्यामुळे पोरं जास्त पिऊ शकतात. आठवणी पक्क्या करणाऱ्या हिप्पोकॅम्पसला मात्र मार बसतो. हे वाचल्यापासून ताईच्या डोळ्याला डोळा नाही. एमआरआय काढावा का? झालेलं नुकसान भरून येतं का? दाखवायचं कोणाला? (उपदेश नकोत, ते घरात भरपूर झालेत.)

प्रतिसाद १
माझ्या माहितीप्रमाणे आई गरोदरपणी प्यायली तरच मेंदूवर कायमचा परिणाम होतो.

प्रतिसाद २
तो वेगळा विषय. फीटल अल्कोहोल सिंड्रोम हे नाव १९७३ साली पडलं. त्यात मेंदूची जडणघडणच बिघडते, काही मुलांच्या चेहऱ्यावरही खुणा दिसतात. इथे घडलेल्या मेंदूचं शेवटचं काम चालू असताना दारू आली आहे.

ताई, मी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहे. फिट आली नसेल, डोक्याला मार लागला नसेल, तर एमआरआयच्या मागे लागू नका. भरपूर पिणाऱ्या मुलांत पुढच्या भागातला करडा थर जरा लवकर पातळ होतो हे खरं, पण ती गटाची सरासरी. एकट्याच्या स्कॅनवरून "हे दारूमुळे" असं कोणी सांगू शकत नाही.

त्याऐवजी न्यूरोसायकॉलॉजिकल चाचणी करून घ्या. त्यात शब्दांची यादी चार-पाच वेळा वाचून दाखवतात, दर वेळी म्हणून घेतात आणि २०-३० मिनिटांनी अचानक पुन्हा विचारतात. तेव्हा शब्द आठवले नाहीत, पण ओळखायला दिल्यावर बरोबर ओळखले, तर साठवण ठीक आहे, बाहेर काढताना अडतंय. ओळखताही आले नाहीत, तर ते नीट शिरलेच नाहीत किंवा टिकले नाहीत. दोन्हींवरचे उपाय वेगळे.

भरून येण्याबद्दल: दारू सुटल्यावर काही महिन्यांत लक्ष आणि स्मरण बऱ्याच जणांचं सुधारतं, सगळं सगळ्यांचं परततं असं नाही. उंदरांना कोवळ्या वयात दारू दिली की हिप्पोकॅम्पसमध्ये नव्या पेशी कमी तयार होतात. पळायला चाक दिल्यावर त्यात सुधारणा दिसली आहे. माणसात इतकं सरळ नसतं, तरी व्यायाम आणि झोप मी प्रत्येकाला सांगतो. पुन्हा पिणं मात्र या मुलांना महागात पडू शकतं. १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी पाहणीत १५च्या आत सुरुवात केलेल्यांपैकी सुमारे ४० टक्के पुढे कधीतरी व्यसनाधीन झाले होते. विशीत किंवा नंतर सुरुवात केलेल्यांत हे प्रमाण १० टक्क्यांच्या आसपास. त्याला कारण फक्त दारूच, असं मात्र त्यातून सिद्ध होत नाही.

एक सांगा, १४च्या आधी तो कसा होता? धांदरट, विसराळू?

धागाकर्ती
वर्गात लक्ष नाही हा शेरा तिसरीपासून आहे. पण पाठांतर उत्तम होतं.

प्रतिसाद २
म्हणजे लक्षाचा प्रश्न जुना आणि विसरणं नवं असू शकतं. एडीएचडीचीही (लहानपणापासून लक्ष टिकत नाही, धांदल होते, तो विकार) तपासणी करायला सांगा. जुनी प्रगतिपुस्तकं बरोबर न्या. मन उदास असतं का, रात्री झोप लागते का, हेही विचारतील. दोन्हींमुळे स्मरण बिघडतं. आदल्या रात्री जागरण नको. आणि चाचणी चालू असताना ताईंना बाहेर बसवा, आई समोर असली की पोरं गडबडतात.