प्रतिसाद : फाळक्यांचे चित्रपट म्हणजे 'कॅमेऱ्यासमोर केलेलं नाटक'?

ज्या मताला हा प्रतिसाद आहे, त्यात म्हटलंय की दादासाहेब फाळक्यांना भारतीय चित्रपटातल्या पहिलेपणाचा मान द्यावा, पण चित्रभाषा (कॅमेऱ्यातून गोष्ट सांगण्याची रीत) म्हणून त्यांच्याकडे पाहण्यासारखं काही नाही, सगळं नाटकच. मला हे अजिबात पटत नाही. 'कालिया मर्दन' (१९१९) एकदा शांतपणे बघा. सुरुवातीलाच फाळक्यांची मुलगी मंदाकिनी, वय वर्षं सात, कॅमेऱ्यात बघत चेहऱ्यावर एकामागून एक भाव आणते. चेहरा पडदाभर. आणि मग पाहता पाहता तिथेच ती कृष्ण होते. नाटकाच्या तिसऱ्या रांगेतूनसुद्धा हे दिसणार नाही! अभिनय कसा घडतो ते आधी दाखवून मग गोष्ट सुरू करणारा हा माणूस कॅमेरा म्हणजे काय हे पुरतं ओळखून होता.

'राजा हरिश्चंद्र'बद्दल लिहिताना तर आणखी जपायला हवं. ३ मे १९१३ला मुंबईच्या कॉरोनेशन चित्रपटगृहात लागलेल्या त्या चार रिळांपैकी आज पहिलं आणि शेवटचंच मिळतं, आणि तीही १९१७च्या पुनर्निर्मितीची असावीत असं काही अभ्यासकांचं मत आहे. म्हणजे मधला अर्धा चित्रपट आपल्यापैकी कुणीच पाहिलेला नाही. तरी त्याच्या 'संथ गती'वर परिच्छेदच्या परिच्छेद लिहिले जातात, याचं मला फार वाईट वाटतं. पहिला भारतीय बोलपट 'आलम आरा'ची (१९३१) तर प्रतच उरलेली नाही. तिथे समीक्षकाने 'मी हे पाहिलेलं नाही, जाहिराती आणि छायाचित्रांवरून लिहितोय' असं पहिल्याच ओळीत सांगावं.